ब्रेक लागला नाही

गेल्या जुलैत, एका रविवारी सकाळी, यवतेश्वरचा घाट उतरताना मी माझ्या सायकलने एका बाईंना धडक दिली. हे वाक्य असं लिहायला मला चार महिने लागले. तोवर मी तीच गोष्ट अनेकांना सांगितली होती, पण वेगळ्या शब्दांत. ‘घाटात जरा अपघात झाला.’ ‘धुकं फार होतं.’ ‘ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला नाही.’

साताऱ्यात राहणाऱ्याला यवतेश्वरचा घाट नवा नाही. पहाटे पळणारे, चालणारे आणि माझ्यासारखे चाळिशीनंतर शुगरच्या भीतीने सायकलवर बसलेले, सगळे तिथेच भेटतात. पावसाळ्यात वरच्या वळणांवर धुकं इतकं दाट असतं की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आधी दिसतात आणि गाडी नंतर. त्या दिवशी मी तासाला तीसच्या आसपास वेगात होतो. तासाला तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाई पायवाटेवरून रस्त्यावर आल्या, तेव्हा आमच्यात पंधरा-वीस मीटर असतील. मी दोन्ही लिव्हर दाबल्या. त्या हँडलला टेकल्या तरी सायकल पुरती थांबली नाही. वेग कमी झाला होता, म्हणून त्या वाचल्या. पण उजव्या हातावर पडल्या.

मागून आलेल्या जीपमधून त्यांना खाली आणलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर होत असताना त्यांनी मला विचारलं, “बिरेक नव्हता व्हय सायकलीला?”

“होता मावशी. लागला नाही.”

त्या गप्प बसल्या. मला वाटलं, त्यांना उत्तर पटलं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवतो. बी.एड.च्या वर्षापासून आजपर्यंत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांचा पाठ मी किती वेळा घेतला असेल, याची गणती नाही. मराठीत ‘लागणे’ आणि ‘लावणे’. उर्दूत ‘लगना’ आणि ‘लगाना’. एक फेल-ए-लाजिम, दुसरं फेल-ए-मुतअद्दी. मुलांना मी नेहमी एकच उदाहरण देतो. काच फोडणारा मुलगा कधी ‘मी काच फोडली’ म्हणत नाही, तो म्हणतो ‘सर, काच फुटली’. वर्ग हसतो, मीही हसतो. आणि त्या दिवशी दवाखान्यात मी त्या मुलाच्या जागी उभा होतो. ‘ब्रेक लागला नाही.’ जणू ब्रेकलाच त्या दिवशी लागायचं नव्हतं.

खरी गोष्ट अशी. माझ्या रोड बाईकला डिस्क ब्रेकच होते, पण केबलचे, म्हणजे मेकॅनिकल. ब्रेक वाईट नव्हते. अशा ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतं. तार ओढली की ते डिस्कला एका बाजूने ढकलतं आणि डिस्क किंचित वाकून दुसऱ्या, स्थिर पॅडला टेकते. पॅड झिजत जातात तसतशी तार ताणावी लागते आणि स्थिर पॅडही स्क्रूने आत घ्यावं लागतं. ही देखभाल आपोआप होत नाही, कोणीतरी करावी लागते. माझी लिव्हर जूनपासूनच हँडलकडे जास्त जास्त येत होती. मी काय करत होतो, तर केबलवरचा छोटा नट दर आठवड्याला अर्धा वेढा फिरवत होतो. पॅड काढून बघायला दहा मिनिटं लागतात. तीन आठवडे मला ती दहा मिनिटं मिळाली नाहीत. बघा, पुन्हा तेच. मिळाली नाहीत असं नाही, मी ती काढली नाहीत. अपघातानंतर पॅड काढले तेव्हा त्यांच्यावर घासणारा थर जवळजवळ उरलाच नव्हता.

हे मला कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. बारा सायकली, तासाला आठ आणे भाडं. दुरुस्तीही तिथेच. पंक्चर, चाकाचा आऊट काढणं, छर्रे बदलणं. त्या काळ्या सायकलींना दांड्याचे ब्रेक असत, रिमला आतून घासणारे. सायकल भाड्याने द्यायच्या आधी अब्बा ती दोन पावलं पुढे ढकलत आणि पुढचा ब्रेक दाबत. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं तरच सायकल दुकानाबाहेर जायची. रविवारी गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता, “ब्रेक देखे बगैर सायकल नक्को दे.” हाताला ग्रीस लागू नये म्हणून त्यांनी मला शिकवलं, मास्तर केलं. ग्रीस गेलं, आणि त्याबरोबर तो नियमही मी धुऊन टाकला होता.

अपघातानंतर मी ठरवलं की सायकलला हायड्रॉलिक ब्रेक बसवायचे. पस्तीस हजार बाजूला काढले. रात्री मोबाइलवर लिव्हर, कॅलिपर, होजपाइप यांची माहिती वाचत बसायचो. मनाला बरं वाटायचं. चुकीबद्दल काहीतरी करतोय, असं.

माझी बायको एका पतसंस्थेत हिशेब बघते. एका रात्री तिने विचारलं, “या ब्रेकला किती?” मी आकडा सांगितला.

“आणि त्या मावशींना किती दिले?”

“दवाखान्याचं सगळं बिल मीच भरलं. औषधंही.”

“ते दवाखान्याला दिले. मावशींना काय दिलं?”

तिने कागद घेतला. प्लॅस्टर सहा आठवडे. जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे भातलावणीचे दिवस. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा वर्षातला कमाईचा काळ. बेचाळीस दिवसांतले कमीत कमी तीस रोज धरले आणि रोजाचे चारशे, तर बारा हजार. तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि झोपायला गेली.

सप्टेंबरमध्ये मी बारा हजार घेऊन वर त्यांच्या वाडीत गेलो. काससाठी निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. मावशी अंगणात बसल्या होत्या, प्लॅस्टर निघालं होतं. मूठ पूर्ण वळत नव्हती. पैसे बघून म्हणाल्या, “दवाखान्याचं तर दिलं हुतं की.” मी म्हटलं, “ते हाताचे होते, हे रोजाचे.” त्यांनी दोनदा मोजले आणि कनवटीला लावले. नको म्हणाल्या नाहीत आणि आभारही मानले नाहीत. मला ते बरोबर वाटलं.

उरलेल्या तेवीस हजारांत नवा सेट येणार नव्हता. पुण्यातल्या एका सायकलवाल्याने आपला सेट बदलला होता, त्याचा जुना एकवीस हजारांत मिळाला. आणि मग हे काम मी दुकानात न देता स्वतः करायचं ठरवलं. काय बसवलंय आणि ते कसं चालतं, हे मला माझ्या हातांनी कळायला हवं होतं.

ज्यांना हे काम करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट फ्रेमची. ज्या रोड बाईकला रिम ब्रेक आहेत, तिच्या फ्रेमवर आणि फोर्कवर डिस्कचा कॅलिपर बसवायला जागाच नसते. तिथे हायड्रॉलिक डिस्कचा विचार सोडून द्यावा, त्यापेक्षा चांगले रबर घालावेत. माझ्या सायकलला आधीपासून डिस्क होत्या, कॅलिपर बसायची जागा ‘फ्लॅट माउंट’ प्रकारची होती, म्हणून चाकं आणि १६० मिलिमीटरच्या डिस्क तशाच राहिल्या. डिस्कवर काय लिहिलंय तेही वाचून घ्या. माझ्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं होतं. अशा डिस्कवर धातूचे पॅड घातले तर डिस्क लवकर खराब होते.

दुसरी गोष्ट लिव्हरची. रोड बाईकमध्ये ब्रेकची लिव्हर आणि गिअर बदलायची कळ एकाच मुठीत असते. त्यामुळे नुसता ब्रेक बदलता येत नाही. माझी सायकल नऊ गिअरची होती आणि मिळालेल्या शिमानो टियाग्राच्या हायड्रॉलिक लिव्हर दहा गिअरच्या. म्हणजे पुढचा-मागचा डिरेलर, कॅसेट आणि चेन, सगळंच बदलणं आलं. यात एक मधला मार्गही असतो. तार लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत तशीच राहते आणि तेलाचा भाग फक्त कॅलिपरमध्ये असतो. तो स्वस्त पडतो, जुने गिअरही चालतात. पण तार कॅलिपरपर्यंत तशीच राहते, आणि तार म्हणजे घर्षण, गंज, चिखल. मला तारच नको होती.

तारेच्या जागी तेल आलं की काय होतं, हे पास्कल सतराव्या शतकात सांगून गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. समजा लिव्हरमधला दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि कॅलिपरमधला २२ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ जवळजवळ पाच पट, म्हणून जोरही तितक्या पट. शिवाय दोन्ही बाजूंचे दट्टे हलतात, डिस्क मध्येच राहते. दोन बोटांनी काम होतं.

आणि काम किती असतं? मी आणि सायकल मिळून नव्वद किलो धरा. तीनशे मीटर उंचीवरून खाली आलो तर सुमारे दोन लाख पासष्ट हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल, घरात सहा-सात कप चहाचं. काही वाटा हवा घेते, बाकी सगळं त्या दोन पातळ पत्र्यांवर आणि पॅडवर. म्हणून घाट उतरल्यावर डिस्कला बोट लावू नये.

कामाला दोन सुट्टीचे दिवस लागले. नववीतली मुलगी मदतनीस. मागचा होजपाइप फ्रेमच्या आतून न्यायचा होता. जुन्या तारेच्या टोकाला नवा पाइप जोडून ओढून घेतला, ते जमलं. पाइप धारदार ब्लेडने अगदी सरळ कापावा लागतो. मग त्याच्या तोंडात पितळी नळीसारखा छोटा तुकडा ठोकून बसवायचा, बाहेरून ऑलिव्ह नावाचं कडं. पण त्याआधी नट पाइपात ओवून घ्यायचा. मी ठोकून मोकळा झालो आणि मुलगी म्हणाली, “अब्बू, हा नट इथेच राहिला.” पुन्हा कापला. कॅलिपरचे बोल्टही दुसऱ्याच्या फ्रेमच्या मापाचे निघाले. फ्लॅट माउंटमध्ये मागच्या कॅलिपरचे बोल्ट फ्रेमच्या खालून वर येतात, त्यांची लांबी फ्रेमच्या जाडीप्रमाणे असावी लागते. योग्य मापाचे मागवण्यात आठवडा गेला. ते ६ ते ८ न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात, त्यासाठी टॉर्क पाना मित्राकडून आणला.

सगळ्यात नाजूक काम हवा काढायचं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात एक बुडबुडा राहिला तरी आपला जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, लिव्हर स्पंजासारखी लागते. चाक काढायचं, पॅड काढून लांब ठेवायचे आणि कॅलिपरमध्ये त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा बसवायचा. हँडल असं फिरवायचं की लिव्हरवरचं भोक सरळ वर येईल, त्यावर तेलाची चाडी. खाली कॅलिपरला सिरिंज लावून तेल वर ढकलायचं, म्हणजे हवा वर पळते. मुलगी सिरिंज दाबत होती, मी पाइपला टिचक्या मारत होतो. बराच वेळ काही नाही. मग चाडीत एक मोठा बुडबुडा आला, त्यामागे बारीक बारीक. पंधरा-वीस मिनिटं येतच राहिले.

तेलाबद्दल एक सांगणं. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. गाड्यांच्या ब्रेकचं डॉट तेल त्यात कधीही घालू नका, आतले रबर खराब होतात. पॅडवर तेलाचा थेंब पडला तर ते पॅड बाद समजा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, दट्टे बाहेर येतात. माझ्या मुलीने गंमत म्हणून एकदा दाबलीच, मग ते प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू आत ढकलण्यात अर्धा तास गेला.

पुढचा ब्रेक मी उजव्या हाताला ठेवला, मोटरसायकलसारखा. घाईत हात विचार करत नाही, सवयीने चालतो.

नव्या पॅडना घासून घासून तयार करावं लागतं. शाळेच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने जायचं आणि चाक अडकू न देता चालण्याच्या वेगापर्यंत यायचं. असं वीस वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक गुळगुळीत लागले. दहाव्या वेळेपर्यंत दोन बोटांत सायकल उभी राहायला लागली. शेवटी मी खाली उतरलो, सायकल दोन पावलं पुढे ढकलली आणि पुढची लिव्हर दाबली. मागचं चाक उचललं गेलं. अब्बांच्या दुकानातून ही सायकल बाहेर जाऊ शकली असती.

पण या ब्रेकचा एक धोका आहे, आणि तो जाहिरातीत सांगत नाहीत. पॅड झिजले की दट्टे आपोआप थोडे पुढे सरकतात. लिव्हर पहिल्या दिवशी जिथे लागत होती, जवळजवळ तिथेच लागत राहते. माझ्या जुन्या ब्रेकने निदान तक्रार केली होती. महिनाभर लिव्हर खाली खाली जात मला सांगत होती, मी ऐकलं नाही. हे नवे ब्रेक इतके सभ्य आहेत की पॅड संपत आले तरी फारसं बोलणार नाहीत. शिमानोच्या पॅडवर घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की ते बदलायचे असतात, आणि तो थर वाकून डोळ्यांनीच बघावा लागतो. चांगला ब्रेक घेतला म्हणून बघणाऱ्याचं काम संपत नाही. उलट ते पूर्णपणे त्याच्यावर येतं. म्हणून आता दर रविवारी निघायच्या आधी मी टॉर्च घेऊन कॅलिपरमध्ये डोकावतो. बायको म्हणते, दाताचा डॉक्टर झालात.

व्यावसायिक शर्यतींमध्येही डिस्क ब्रेकवरून बराच वाद झाला. २०१६ साली एका स्पर्धकाच्या पायाला जखम झाल्यावर चाचणी थांबवली होती, २०१८ मध्ये रीतसर परवानगी मिळाली. वजन किती वाढतं, वाऱ्याला अडथळा किती होतो, चाक बदलायला किती सेकंद जास्त लागतात, यावर लोक खूप भांडले. ते सगळं मी आवडीने वाचलं. पण माझा प्रश्न त्यातल्या कुठल्याच वादात नव्हता.

नोव्हेंबरमध्ये नव्या ब्रेकवर पहिल्यांदा घाट चढलो आणि येताना वाडीत थांबलो. मावशी दारातच होत्या. हात आता बऱ्यापैकी वळत होता, पण भारा डोक्यावर चढवायला अजून कोणाचा तरी हात लागतो, असं सुनेने सांगितलं. मी सायकल दाखवली. “मावशी, ब्रेक नवीन घातले. स्वतः घातले.” तेल, दाब, दोन बोटं, सगळं उत्साहाने सांगितलं. आणि मग जे सांगायला गेलो होतो तेही सांगितलं. “त्या दिवशी ब्रेक लागला नाही असं म्हणालो होतो. तसं नव्हतं. ब्रेक खराब झालाय हे मला ठाऊक होतं. मी तो दुरुस्त केला नव्हता.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “मला ठावं हुतं. बिरेक चांगला असता तर तुमी आदी मला बोलला असता, दिसत न्हाय का म्हणून. तुमी काय बोललाच न्हाय.”

मग त्यांनी वाकून हँडलकडे नीट पाहिलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने.

“आन् घंटी कुठाय?”

रोड बाईकला घंटी कोणी लावत नाही. वजन वाढतं, हँडल चांगलं दिसत नाही, असं काहीतरी आम्ही सगळे म्हणतो. एकवीस हजारांचे ब्रेक, महिनाभर वाचन, दोन दिवस काम, एक आठवडा बोल्टची वाट. आणि धुक्यात गवताचा भारा घेऊन चालणाऱ्या बाईला आपण येतोय हे आधी कळावं, हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. सगळा विचार माझ्या थांबण्याचा होता.

खाली आलो तो सरळ पेठेत, अब्बांच्या वेळच्या एका जुन्या सायकल दुकानात. साठ रुपयांची पितळी घंटी घेतली. दुकानदाराने माझ्या सायकलकडे बघून विचारलं, “मास्तर, हिला?” म्हटलं, हो, हिलाच.

आता वळण आलं की ती वाजवतो. धुकं असो नसो.